सरांना 'तुम्ही माती खाल्लीत' म्हणतात का?

पत्र

ताई, मी पिंपरीत राहते, वय २६. हिंजवडीतल्या एका कंपनीत परदेशी ग्राहकांच्या हिशोबाचं काम करते. शाळा मराठी माध्यमाची. इंग्रजी लिहिता येतं, पण कुठला शब्द गोड, कुठला तिखट ते जिभेला कळत नाही. गेल्या महिन्यात माझ्या हातून भलत्याच महिन्याची शीट ग्राहकाला गेली. अमेरिकेतल्या आमच्या लीडने सगळ्यांच्या ग्रुपवर लिहिलं, 'लुक्स लाइक समवन स्क्रूड अप.' मला वाटलं शिवीच दिली. रडू आलं. शेजारी बसणारा मित्र म्हणाला, अगं, तिकडे हे रोजचं आहे, 'चूक झाली' एवढाच अर्थ. मी शब्द वहीत उतरवून ठेवला. पंधरा दिवसांनी आमच्या इथल्या सरांनी पाठवलेल्या वेळापत्रकात तारखा चुकलेल्या होत्या. सर पन्नाशीचे आहेत, फार चांगले आहेत, मला काम त्यांनीच शिकवलं. मी ग्रुपवर हसरा चेहरा टाकून लिहिलं, 'सर, यू स्क्रूड अप द डेट्स.' सरांनी तारखा सुधारल्या, पण तेव्हापासून माझ्याशी कामापुरतंच बोलतात. मित्र म्हणतो, तू काही चुकीचं लिहिलं नाहीस. मग सर का दुखावले? हा शब्द शिवी आहे की नाही? आणि मी आता काय करू?
ता. क. : आमच्या पीजीच्या मेसचा आणि 'मेस अप'मधल्या मेसचा काही संबंध आहे का? रूममेट म्हणते, जेवण बघून तरी वाटतं.
– गोंधळलेली, पिंपरी

उत्तर

तुला 'तू' म्हणते, माझ्या विद्यार्थिनीच्या वयाची आहेस.

आधी एक कर. तुझं ते वाक्य इंग्रजीतून काढ आणि मराठीत मोठ्याने म्हण : 'सर, तुम्ही तारखांची माती केलीत.' म्हणवतंय? नाही ना? सरांना नेमकं हेच ऐकू आलं. तुझ्या मित्राने अर्थ बरोबर सांगितला, पण अर्थ म्हणजे शब्दाचा निम्माच भाग. तो शब्द कोण कुणाबद्दल आणि किती जणांसमोर बोलतंय, हा उरलेला निम्मा भाग तुझ्या वहीत उतरलाच नाही. तीस वर्षं इंग्रजी शिकवल्यावर सांगते, हा निम्मा भाग आम्ही शिक्षकांनीही कधी शिकवला नाही. आम्ही फळ्यावर शब्द लिहायचो, पुढे बरोबरचं चिन्ह काढायचो आणि त्यापुढे दुसरा शब्द.

'स्क्रू अप'ला आपल्याकडे अगदी मापाचा जोडीदार आहे, तो म्हणजे माती. गंमत अशी की दोघांचं व्याकरणही जुळतं. 'आय स्क्रूड अप' म्हणजे 'मी माती खाल्ली'. कशाची, ते सांगायची गरज नाही, वाक्य तिथेच पुरं होतं. आणि 'आय स्क्रूड अप द रिपोर्ट' म्हणजे 'मी रिपोर्टची माती केली'. इथे कशाची तरी माती व्हावी लागते. एकात खायची, दुसऱ्यात करायची. एवढं लक्षात ठेवलंस तर कुठे कर्म हवं आणि कुठे नको, हे पाठ करावं लागणार नाही.

एक बारीक खोच आहे, तेवढी सांगून पुढे जाते. 'रिपोर्ट' हा शब्द 'अप'च्या पुढेही बसतो आणि आधीही : 'स्क्रूड अप द रिपोर्ट', 'स्क्रूड द रिपोर्ट अप', दोन्ही चालतात. पण रिपोर्टच्या जागी 'इट' आलं की त्याला मधेच बसवायचं : 'स्क्रूड इट अप'. 'स्क्रूड अप इट' असं कुणी म्हणत नाही. 'मेस अप'लाही हाच नियम.

आता 'अप'. तू पत्रात विचारलं नाहीस, पण वर्गात हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारायचंच : मॅडम, चूक झाली की माणूस खाली जातो, मग हे 'वर' कशाला? या 'अप'चा वर-खालीशी संबंध नाही. 'ईट अप', 'यूज अप', 'फिनिश अप' यांत तो आहे, तसा इथे आहे. काम पुरतं झालं, तडीला गेलं, असं तो सुचवतो. आपण हेच काम दुसऱ्या क्रियापदाला जुंपून करतो. 'खाल्लं' आणि 'खाऊन टाकलं' यांत जो फरक, तो 'ईट' आणि 'ईट अप' यांत. आणि चुकांच्या बाबतीत तर मराठी इंग्रजीच्याही पुढे आहे. 'मी घोळ घातला', 'मी घोळ घालून ठेवला' आणि 'मी घोळ घालून बसले' ही तीन वाक्यं सारखी नाहीत. 'ठेवला'मध्ये तो घोळ अजून तिथेच पडलाय, कुणीतरी निस्तरायचाय. 'बसले'मध्ये पश्चात्ताप आहे, आता काही करता येत नाही म्हणून कपाळावर हात आहे. इंग्रजीच्या 'अप'ला हे दोन्ही एका अक्षरात दाखवता येत नाही, त्यासाठी त्यांना सुस्कारा वेगळा सोडावा लागतो.

शिवी आहे का, या प्रश्नाचं सरळ उत्तर 'नाही' असं आहे, पण कुंपणावर बसलेला शब्द आहे. 'स्क्रू' या क्रियापदाला इंग्रजीत काही शतकांपासून एक लैंगिक अर्थही चिकटलेला आहे. चूक या अर्थाने 'स्क्रू अप' वापरताना तो अर्थ कुणाच्या मनात नसतो, पण त्याचा वास राहतो. त्यामुळे शब्द अश्लील नाही आणि सोवळ्यातलाही नाही. माझ्या भाच्याचं घर सिएटलजवळ आहे. त्याचा मुलगा सात वर्षांचा. मी तिथे होते तेव्हा त्याने वरणाची वाटी टेबलावर सांडली आणि म्हणाला, 'आय मेस्ड अप.' त्याच्या आईने कापड दिलं, विषय संपला. दोन दिवसांनी लेगोचा मनोरा कोसळला तेव्हा तो म्हणाला, 'आय स्क्रूड अप.' आता मात्र आईचा आवाज स्वयंपाकघरातून आला : 'लँग्वेज!' मनोऱ्याबद्दल कुणीच काही बोललं नाही. तीच आई फोनवर मैत्रिणीशी बोलताना हा शब्द चारदा वापरते, हेही मी ऐकलं आहे.

म्हणून तुझ्यासारखीला माझा पहिला सल्ला असा की वहीत 'स्क्रू अप' खोड आणि तिथे 'मेस अप' लिही. अर्थ जवळजवळ तोच, पण तो पोराबाळांतही चालतो आणि ऑफिसातही. त्याहून सौम्य हवा असेल तर 'स्लिप अप'. ही नजरचूक, गफलत. चालताना ठेच लागावी तशी, हेतू चांगला आणि नुकसान थोडं. आकडा टाइप करताना शून्य राहिलं तर 'स्लिप-अप'. सबंध शीटच भलत्या महिन्याची गेली तर तो घोळ, म्हणजे 'मेस अप'. त्याच शीटवर ग्राहकाने पैसे भरून टाकले असते तर ती माती, 'स्क्रू अप'. आणि त्याच्याही पलीकडे चार अक्षरांचा एक शब्द आहे. त्यालाही 'अप' लागतो आणि तू तो मालिकांमधून ऐकला असणारच. तो ऐकून घे, लिहू नकोस.

'मिक्स अप' मात्र यांच्या रांगेत बसवू नकोस. त्यात चुकीची जात ठरलेली आहे. दोन गोष्टींची अदलाबदल झाली असेल तरच तो वापरायचा. २०१७ च्या ऑस्कर सोहळ्यात सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या वेळी भलतंच पाकीट दिलं गेलं आणि व्यासपीठावरून भलत्याच चित्रपटाचं नाव पुकारलं गेलं, तेव्हा बातम्यांत 'मिक्स-अप' हा शब्द होता, आणि तो बरोबर होता. खरं तर तुझी शीटही त्याच जातीची. जून-जुलैची अदलाबदल झाली असेल तर 'आय मिक्स्ड अप द मंथ्स' हे वाक्य सगळ्यात नेमकं, कारण त्यात काय चुकलं तेही सांगून होतं.

ब्रिटिश मंडळींशी काम पडतं का, ते तू लिहिलं नाहीस. पडलं तर त्यांच्या तोंडून 'कॉक-अप' ऐकशील. ऐकून दचकू नकोस, त्यांच्याकडे तो कानाला वाटतो तेवढा वाईट नाही, मंत्र्यासंत्र्यांबद्दलही वापरतात. पण आपण वापरू नये, आपल्या तोंडी तो शोभत नाही. 'गूफ-अप' आपल्याकडच्या इंग्रजी वर्तमानपत्रांचा लाडका आहे. मला तो सर्कशीतल्या विदूषकाच्या नाकासारखा वाटतो. लाखो रुपयांचा घोळ झाला आणि मथळ्यात 'गूफ-अप', म्हणजे जणू कुणीतरी केळाच्या सालीवरून घसरलं. 'बॉच' या शब्दाबद्दल एवढंच सांगते की मुळात त्याचा अर्थ दुरुस्त करणं, ठिगळ लावणं असा होता. ठिगळं इतकी वाईट लागत गेली की शब्दच 'बिघडवणं' या अर्थाचा झाला. आमच्या गल्लीतल्या प्लंबरला हे सांगावंसं वाटतं.

हा 'स्क्रू अप' आला कुठून, असा तुला प्रश्न पडला असेल. स्क्रू पिळून घट्ट करणं हा त्याचा साधा, जुना अर्थ. शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'मध्ये लेडी मॅकबेथ नवऱ्याला धीर पिळून घट्ट करायला सांगते. तंबोऱ्याची खुंटी पिळतो तसं काहीसं चित्र त्यामागे असावं, असं काही अभ्यासक मानतात. आजही 'स्क्रू अप युअर करेज' म्हणजे 'धीर एकवट'. 'स्क्रू अप युअर आइज' म्हणजे उन्हात डोळे बारीक करणं. कागदाचा बोळा करणं यालाही 'स्क्रू अप'च. यांतल्या कशातच चूक नाही. चुकीचा अर्थ अमेरिकन बोलीतला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सैनिकांच्या तोंडून तो पसरला. त्याच छावण्यांमधून 'स्नाफू' हा शब्द आला. 'परिस्थिती नेहमीसारखीच : सगळा घोळ' या इंग्रजी वाक्याच्या आद्याक्षरांचा तो शब्द. वाक्यातला एक शब्द घरात सांगताना बदलावा लागायचा. १९४३ ते १९४५ या काळात अमेरिकन सैन्याने याच नावाचा एक व्यंगचित्रपटांतला सैनिक उभा केला होता, प्रायव्हेट स्नाफू. तो प्रत्येक गोष्ट चुकीची करायचा आणि ते बघून खऱ्या सैनिकांनी शहाणं व्हायचं. म्हणजे हा शब्द मुळात बरोबरीच्या लोकांचा, बराकीतला. रोज एकाच चिखलात लोळणाऱ्यांचा. त्या बराकीतला शिपाई दुसऱ्या शिपायाला 'यू स्क्रूड अप' म्हणेल. कर्नलला म्हणेल का, तूच सांग.

आणि इथेच तुझ्या प्रकरणाची गाठ आहे.

३ फेब्रुवारी २००९ ची गोष्ट. बराक ओबामांना अध्यक्षपदाची शपथ घेऊन बरोबर दोन आठवडे झाले होते. आरोग्य खात्यासाठी त्यांनी निवडलेले टॉम डॅशल यांना थकलेल्या कराच्या प्रकरणावरून माघार घ्यावी लागली. त्या दिवशी ओबामा एकामागून एक वाहिन्यांना मुलाखती देत होते आणि म्हणत होते, 'आय स्क्रूड अप.' अमेरिकेचा अध्यक्ष टीव्हीवर बराकीतला शब्द वापरतो म्हणून थोड्या भुवया उंचावल्या, पण शब्द लागू पडला. का? कारण वाक्याच्या तोंडाशी 'आय' होता. आता त्याच्या शेजारी दुसरं वाक्य ठेव. २७ जानेवारी १९८७, रोनाल्ड रेगन यांचं संसदेपुढचं वार्षिक भाषण. इराणला शस्त्रं विकल्याचं प्रकरण गळ्याशी आलेलं. रेगन म्हणाले, 'सीरियस मिस्टेक्स वेअर मेड.' गंभीर चुका झाल्या. कुणी केल्या? वाक्यात कुणीच नाही. पुढे मार्चमध्ये त्यांनी जबाबदारी घेतली, हे न्यायाने सांगायला हवं. पण कर्ता पळवून लावलेल्या वाक्याचा नमुना म्हणून लोक अजून ते पहिलं वाक्यच दाखवतात.

आता तुझ्या लीडचं वाक्य बघ. 'समवन स्क्रूड अप.' तुला 'स्क्रूड अप' झोंबलं. मला विचारशील तर खरी खोडी 'समवन'मध्ये आहे. कुणाची चूक ते त्याला माहीत होतं, शीट तुझ्या नावाने गेली होती. तरी 'कुणीतरी' म्हणायचं आणि सगळ्यांसमोर म्हणायचं, हे आपल्याकडच्या 'काही लोकांना कळतच नाही'सारखं झालं. तरीही तक्रार वगैरे करण्याएवढं ते नाही. बोलण्यात आडदांड असतात काही लोक, आणि तिकडच्या कार्यालयात हे वाक्य खरोखरच रोजचं आहे. पण पुढच्या वेळी असं झालं तर दहा मिनिटांच्या आत खाली एक ओळ टाक : 'दॅट वॉज मी. आय मिक्स्ड अप द मंथ्स. करेक्टेड शीट अटॅच्ड.' एवढंच. सॉरी एकदा पुरे, तिसऱ्या सॉरीनंतर समोरच्याला तुझी काळजी वाटायला लागते. 'समवन'ची हवाच निघून जाईल, बघ.

हे लिहिताना मात्र आपली एक सवय आड येते, ती ओळखून ठेव. आपण मराठीत 'माझ्याकडून चूक झाली' म्हणतो, 'माझ्या हातून झालं' म्हणतो. यात पळवाट नाही. माणूस वाक्यात आहे, फक्त जरा मान खाली घालून बाजूला उभा आहे. आपल्या कानाला ते 'मी चूक केली'पेक्षा जास्त नम्र वाटतं. पण हेच इंग्रजीत उचलून ठेवलं की होतं 'मिस्टेक हॅपन्ड फ्रॉम माय साइड'. तुझ्या ऑफिसातले निम्मे लोक असंच लिहीत असतील. परदेशी माणसाला त्यात नम्रपणा ऐकू येत नाही. त्याला रेगन ऐकू येतात. त्याला वाटतं, हा माणूस म्हणतोय की चूक आपोआप झाली, पाऊस पडावा तशी. तिथे 'आय' समोर आणायलाच हवा. 'आय मेस्ड अप' हे वाक्य उर्मट नाही, उलट तिकडे तोच नम्रपणा. आणि जाता जाता, 'आय डिड अ मिस्टेक' नको. 'चूक केली'मधलं 'केली' आपण तसंच्या तसं नेतो, पण त्यांच्याकडे मिस्टेक 'मेक' करतात. माझ्या पहिल्या नोकरीच्या अर्जात मी 'डिड' लिहिलं होतं, इंग्रजी शिकवण्याच्या नोकरीच्या.

मग नियम काय, असं विचारशील. नियमापेक्षा तराजू आहे. या शब्दाच्या पुढे 'आय' ठेवलास तर तो जड शब्दही हलका होतो, माणूस मोकळा वाटतो. 'वी' ठेवलास तर जपून, त्यातले बाकीचे तयार आहेत का ते बघून. 'यू' ठेवलास की तोच शब्द दगड होतो. बरोबरीच्या मित्राला तो दगड गंमतीत मारता येतो, त्यालाही परत मारता येतो. तुझा लीड वरून खाली बोलला, तू खालून वर बोललीस. खालून वर फेकलेला दगड जास्त आवाज करतो. हे न्यायाचं आहे असं मी म्हणत नाही. लीडला हे चाललं आणि तुला चाललं नाही, यात दुजाभाव आहेच. पण शब्दांच्या बाबतीत जग असंच वागतं, आणि न्यूयॉर्कच्या ऑफिसातही सव्वीस वर्षांची नवी मुलगी आपल्या साहेबाला सगळ्यांसमोर 'यू स्क्रूड अप' लिहिणार नाही. तुझ्या मित्राने हे सांगितलं नाही, कारण त्याने हा शब्द बहुधा पडद्यावर ऐकला असणार, आणि पडद्यावर सगळेच बरोबरीचे असतात.

शिवाय मराठी माणसाला मराठी माणसाने इंग्रजीत असं काही लिहिलं की त्यात आणखी एक काटा असतो. मराठीत तुला क्रियापदात आदर घालावाच लागतो, 'केलीत', 'बघता का'. तो आदर इंग्रजी वाक्यातून गळून पडतो. सरांनी तुझं वाक्य मनात मराठी करून वाचलं असेल, आणि मराठी करताना क्रियापदाला 'केलीत' लावावं की 'केलीस', असा प्रश्न त्यांना पडला असेल. 'केलीत' लावलं तरी काय, आदरार्थी बहुवचनात माती खाता येत नाही. आणि तो हसरा चेहरा! पन्नाशीच्या माणसाला तो हसरा चेहरा 'माझ्याबरोबर हसा' असं सांगत नाही. 'मी तुम्हाला हसते आहे' असं सांगतो. माझ्या पिढीचं म्हणून सांगते.

आता सरांचं काय करायचं. चॅटवर काही लिहू नकोस. ग्रुपवर तर नाहीच, तिथे माफी मागितलीस तर ज्यांच्या लक्षात नव्हतं त्यांच्याही लक्षात येईल. सर चहाला उठतात ती वेळ बघ आणि समोर जाऊन मराठीत बोल. शब्दकोशाचे पुरावे नेऊ नकोस. 'सर, त्या शब्दाचा अर्थ फक्त चूक असा आहे' हे वाक्य मनात कितीही आलं तरी गिळ, कारण ते माफीचं वाक्य नाही, वादाचं आहे. इतकंच म्हण : 'सर, त्या दिवशी तारखांबद्दल मी जे लिहिलं, त्या शब्दाचा बाज मला कळला नव्हता. ग्रुपवर तसं लिहायला नको होतं. मी माती खाल्ली.' शेवटचं वाक्य मुद्दाम घाल. स्वतःबद्दल म्हटलेली माती कुणालाच टोचत नाही, आणि सरांना जर थोडी विनोदबुद्धी असेल, जी शिकवणाऱ्या माणसाला बहुतेक असते, तर त्यांना लगेच कळेल की तू त्यांच्यासाठी वापरलेला शब्द परत घेऊन स्वतःच्या अंगावर घातलास. ते हसतील किंवा 'ठीक आहे गं' म्हणतील. काही बोलले नाहीत तरी थांबून राहू नकोस, कामाला लाग. दोन-चार दिवस लागतात माणसाला.

एक गोष्ट मात्र मनात ठेव : तारखा चुकल्याच होत्या, आणि तू दाखवल्यास ते बरोबरच केलंस. आता घाबरून पुढच्या वेळी सरांची चूक दिसली तरी गप्प बसलीस तर तो खरा घोळ. फक्त दाखवायची कशी, ते आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे : 'सर, या दोन तारखांत मला फरक दिसतोय, एकदा बघता का?' इंग्रजीत लिहायचं तर 'सर, द डेट्स इन रोज फोर अँड फाइव्ह डोन्ट मॅच, कुड यू चेक?' बघ, यात चूक कुणाची हा विषयच नाही. तारखा जुळत नाहीत, बस्स. वर मी कर्ता पळवण्याला नावं ठेवली, आणि इथे तुला कर्ता पळवायला सांगते आहे, हे माझ्या लक्षात आहे. स्वतःच्या चुकीतून कर्ता पळवायचा नाही, दुसऱ्याच्या चुकीतून पळवला तर बिघडत नाही.

ग्राहकाला लिहिताना यांतला एकही शब्द नको, 'मेस अप'सुद्धा नको. तिथे साधं 'एरर' : 'वी मेड ॲन एरर इन द शीट सेंट ऑन मंडे.' मग दुरुस्त शीट, मग पुन्हा असं होऊ नये म्हणून काय केलं ती एक ओळ. ग्राहकाला आपला मोकळेपणा नको असतो, त्याला आकडे हवे असतात.

या शब्दांची काही भावंडं आहेत, ती ओळखून ठेव म्हणजे पुन्हा रडू येणार नाही. 'आय ॲम स्क्रूड' म्हणजे 'मी चुकले' नव्हे, 'माझी वाट लागली'. तुझ्या हातून काहीच न चुकताही तू 'स्क्रूड' असू शकतेस, उदाहरणार्थ शुक्रवारी सहाला काम आलं की. 'स्क्रूड ओव्हर' म्हणजे कुणीतरी टोपी घातली. 'स्क्रू-अप' हे नाम एखाद्या कामाबद्दल चालतं, पण माणसाला लावलं तर फार लागतं. 'ही इज अ स्क्रू-अप' म्हणजे हा एकदा चुकला असं नव्हे, हा आहेच तसला. 'स्क्रू यू' ही सरळ शिवी, तिथे मात्र खुशाल रडावं किंवा तक्रार करावी. आणि 'दॅट्स मेस्ड अप' असं कुणी तुझी हकीकत ऐकून म्हणालं तर तो तुझी चूक काढत नाही. तुझ्यावर अन्याय झाला, भलतंच झालं, असं म्हणतोय. तेव्हा तोंड पाडू नकोस, 'थँक्स' म्हण.

राहिला ता. क. संबंध आहे, आणि रूममेटला सांग की तिला जो वाटतो त्याच्या उलट दिशेने आहे. आधी जेवण, मग घोळ. लॅटिनमध्ये 'पाठवलेलं, मांडलेलं' अशा अर्थाचा शब्द होता, तो जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा 'मेस' म्हणजे ताटात वाढलेला वाटा. बायबलमधल्या थोरल्या भावाने वाटीभर डाळीच्या आमटीसाठी आपला ज्येष्ठपणाचा हक्क विकला, त्या आमटीला इंग्रजीत 'मेस ऑफ पॉटेज' म्हणतात, त्यात घोळ कुठेच नाही, नुसती आमटी आहे. पुढे एकत्र जेवायला बसणाऱ्या टोळक्याला 'मेस' म्हणू लागले. ती सैन्याची मेस, आणि तिचीच धाकटी बहीण सदाशिव पेठेपासून तुझ्या पिंपरीपर्यंत डबे लावणारी आपली मेस. दुसरीकडे, कालवून एकत्र केलेल्या, विशेषतः जनावरांपुढे ठेवायच्या खाण्यालाही तोच शब्द लागला. कालवलेलं म्हणजे गिचका, गिचका म्हणजे पसारा, आणि एकोणिसाव्या शतकात तो पसारा म्हणजे घोळ झाला. तुमच्या मेसवाल्या काकूंना यातलं फक्त पहिलं सांगा. रविवारी संध्याकाळी मेस बंद असेल, तेव्हा दोघी बाहेर जेवायला गेलात की जनावरांचा भाग बोला.